'नेटिव्ह' शब्द तसाच राहू द्या

जेवणं आटोपली आहेत, कॉफीचे कप हातात आहेत. खडकाळ बेटावरच्या त्या घरात जमलेले पाहुणे एकमेकांना धड ओळखतही नाहीत, पण पोटं भरल्यामुळे जरा सैलावले आहेत. तेवढ्यात खोलीत एक करडा आवाज घुमू लागतो. तो एकेकाचं नाव घेतो, तारीख सांगतो आणि खुनाचा आरोप ठेवतो. त्यातला एक आरोप फिलिप लॉम्बार्ड नावाच्या धाडसी, बेदरकार, पैशासाठी काहीही करायला तयार असलेल्या माणसावर आहे. फेब्रुवारी १९३२ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या एका जमातीची एकवीस माणसं त्याच्यामुळे मेली.

बाकीचे पाहुणे कानांवर हात ठेवतात. लॉम्बार्ड मात्र हसत कबुली देतो. रानात वाट चुकली होती, म्हणून होतं नव्हतं ते अन्न घेऊन तो आणि त्याचे एक-दोन सोबती निघून गेले. विषय संपला. वर तो ऐकवतो की नेटिव्ह लोकांना मरणाचं फारसं काही वाटत नाही, युरोपियनांसारखं नसतं त्यांचं.

रहस्यकथाकार अगाथा ख्रिस्तींची ही कादंबरी इंग्लंडमध्ये नोव्हेंबर १९३९ मध्ये प्रसिद्ध झाली. आज ती 'अँड देन देअर वेअर नन' या नावाने मिळते आणि तिच्या दहा कोटींहून जास्त प्रती खपल्याचं सांगितलं जातं. मूळ इंग्लिश आवृत्तीचं नाव मात्र वेगळं होतं. त्यात कृष्णवर्णीयांना दिली जाणारी एक शिवी होती. शिवी बाईंच्या पदरची नव्हती. १८६० च्या दशकात रंगमंचावर गोरे नट तोंडाला काळं फासून गाणी म्हणत, त्यातलंच एक गाणं पुढे बालगीत होऊन बसलं होतं. एकामागून एक दहा जण कमी होत जातात, असं ते गाणं. कादंबरीचा सगळा सांगाडा त्यावर उभा आहे. अमेरिकेतल्या प्रकाशकाने १९४० मध्येच हे नाव नाकारलं आणि गाण्याच्या शेवटच्या ओळीतून आजचं नाव उचललं. इंग्लंडमध्ये मात्र जुनं नाव १९८५ पर्यंत टिकलं, म्हणजे बाई गेल्यानंतरही नऊ वर्षं. फ्रान्समध्ये तर २०२० उजाडावं लागलं. तिथल्या नव्या आवृत्तीत तो शब्द ७४ ठिकाणी बदलला, अशी बातमी तेव्हा आली होती.

मधल्या काळात अमेरिकेत 'टेन लिटल इंडियन्स' असंही एक नाव चालून गेलं. एका समाजाची शिवी पुसण्यासाठी दुसऱ्या समाजाला रांगेत उभं केलं. 'इंडियन' म्हणजे इथे अमेरिकेतले मूळ रहिवासी. पुढे त्यांनाही हलवण्यात आलं आणि आता त्या गाण्यात दहा शिपाई मरतात. बेटाचं नावही 'सोल्जर आयलंड' झालं आहे. शिपायांनी अजून तक्रार केलेली नाही.

नाव बदललं ते योग्यच झालं. ही सवलत मी सुरुवातीलाच देऊन टाकतो, कारण पुढे मी बराच हट्टीपणा करणार आहे. पुस्तकाचं नाव मुखपृष्ठावर असतं, दुकानाच्या काचेत असतं, आगगाडीत समोर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर असतं. ज्याने ते पुस्तक हातात घेतलेलं नाही, घेण्याचा विचारही नाही, त्याच्याही अंगावर ते येतं. आतल्या मजकुराचं तसं नाही. आतला मजकूर वाचक स्वतःच्या पायाने चालत जाऊन वाचतो. उंबऱ्याबाहेर लावलेली पाटी आणि घरातलं बोलणं यांना एकच नियम लावता येत नाही.

वाद पाटीचा नाही. मार्च २०२३ मध्ये लंडनच्या 'टेलिग्राफ'ने बातमी दिली की हार्परकॉलिन्स ही प्रकाशनसंस्था हर्क्युल पॉयरो आणि मिस मार्पल या ख्रिस्तींच्या गुप्तहेरांच्या कादंबऱ्यांच्या नव्या आवृत्त्यांमध्ये मजकुरावरच हात फिरवते आहे. त्यासाठी 'सेन्सिटिव्हिटी रीडर' नेमलेले असतात. कुणाचं मन दुखावेल असा मजकूर हेरून द्यायचा, हे त्यांचं काम. त्याआधी महिनाभरच रोआल्ड डालच्या बालपुस्तकांतल्या अशाच बदलांवरून रण माजलं होतं, त्यामुळे ही बातमी त्याच फडात येऊन पडली आणि दोन्ही बाजूंनी ठरलेली भाषणं झाली. एक बाजू म्हणाली, काळाबरोबर बदलायला हवं. दुसरी म्हणाली, आता काय शेक्सपिअरलाही न्हाऊ घालणार? आठ दिवसांनी सगळे घरी गेले.

बदल काय होते ते नीट पाहिलं तर भाषणांपेक्षा जास्त कळतं. 'नेटिव्ह' च्या जागी 'स्थानिक' अशा अर्थाचा शब्द आला. 'ओरिएंटल', म्हणजे पौर्वात्य, हा शब्द गेला. मिस मार्पलच्या एका कथासंग्रहात 'इंडियन टेम्पर' असा शब्दप्रयोग होता, म्हणजे हिंदुस्थानी संताप. त्यातला 'इंडियन' उडाला, नुसता संताप उरला. वेस्ट इंडिजमधल्या हॉटेलात काम करणाऱ्या बाईच्या सुंदर पांढऱ्या दातांचं कौतुक गळालं. 'डेथ ऑन द नाइल' मध्ये मिसेस ॲलर्टन नावाच्या बाई इजिप्तमध्ये भोवती गराडा घालणाऱ्या पोरांवर वैतागतात. ती पोरं टक लावून बघत राहतात, त्यांचे डोळे किळसवाणे आहेत, नाकंही तशीच, आणि एकूण मला मुलं आवडतच नाहीत वाटतं, असं त्यांचं म्हणणं. नव्या आवृत्तीत पोरं नुसती टक लावून बघतात. डोळे आणि नाकं गेली.

आता यादी पुन्हा एकदा बघा. नेटिव्ह, ओरिएंटल, इंडियन. ही सगळी आपल्यासाठीची विशेषणं आहेत. ज्यांचं मन जपण्यासाठी कात्री चालली त्यांच्यात तुम्ही-आम्ही येतो. ख्रिस्तींच्या कादंबऱ्या आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वाचल्या गेल्या आहेत, मुळातून, भाषांतरांतून, कुणाकडून मागून आणून. त्यातले हिंदुस्थानात नोकरी करून परतलेले कर्नल, पेन्शनीत निघालेले मेजर, त्यांच्या घरातली वाघाची कातडी, त्यांचे नोकरांवर खेकसण्याचे किस्से, हे सगळं आपल्या वाचकाने वाचलं आणि 'नेटिव्ह म्हणजे आपले आजोबा' हे ठाऊक असूनही पुस्तक बाजूला ठेवलं नाही. तो दुखावला नाही असं मी म्हणणार नाही. दुखावला असेल. पण त्याला खून कुणी केला हे जाणून घ्यायचं होतं, आणि ते जाणून घेता घेता त्याला साहेबाच्या दिवाणखान्यात कान देऊन बसायला मिळालं. आपल्यामागे साहेब आपल्याविषयी काय बोलतो, हे इतक्या निवांतपणे दुसरीकडे कुठे ऐकायला मिळणार होतं? इतिहासाच्या पुस्तकातले गव्हर्नर जनरल तोलून मापून बोलतात. चहा पिताना सहज निघालेलं वाक्य कथाकादंबऱ्यांतच सापडतं.

तेव्हा माझ्या वतीने कुणी परस्पर ते वाक्य पुसून टाकत असेल तर माझा पहिला प्रश्न साधा आहे. मला विचारलं होतं का?

पण एवढ्यावर थांबलं तर हा वाद मानापमानाचाच राहील. माझा खरा आक्षेप रहस्यकथेच्या धंद्याशी संबंधित आहे. इतर कुठल्याही कादंबरीत एक विशेषण इकडचं तिकडे झालं तर रंग थोडा फिका होईल. रहस्यकथेत प्रत्येक शब्द संशयित असतो. वाचक आणि लेखक यांच्यात तिथे एक डाव मांडलेला असतो, आणि शेवटचं पान उलटल्यावर चांगला वाचक मागे जाऊन तपासतो की बाईंनी मला कुठे फसवलं, तेव्हा नक्की काय लिहिलं होतं. इंग्लंडमधल्या रहस्यकथाकारांनी १९३० मध्ये 'डिटेक्शन क्लब' काढला, त्यात शिरताना चक्क शपथ घ्यावी लागे की वाचकापासून महत्त्वाचा धागा लपवणार नाही. ख्रिस्ती पुढे अनेक वर्षं त्याच क्लबच्या अध्यक्ष होत्या. अशा खेळात पत्ते वाटून झाल्यावर तिसऱ्याच माणसाने येऊन चार पत्ते बदलायचे, याला खेळाडू काय म्हणतील?

आणि बदललेले पत्ते कोणते, तर नेमके पूर्वग्रहाचे. ख्रिस्तींच्या हातातला हुकमाचा पत्ता तोच आहे.

'मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस' (१९३४) घ्या. डब्यात एक माणूस सुऱ्याचे वार होऊन मेला आहे. रेल्वे कंपनीचे संचालक बूक यांना खुनी कोण याविषयी शंकाच नाही. डब्यात एक इटालियन आहे, आणि सुरा हे इटालियनाचं हत्यार, तो एकदा भोसकून थांबत नाही. झालं. पॉयरो पुरावे गोळा करतो आहे, आणि बूकसाहेब दर तीन पानांनी 'तो इटालियनच' म्हणून घोडं दामटतात. वाचक त्यांना हसतो. हसतो, पण स्वतःही कुणाला तरी अशाच कारणाने वगळत असतो: ही राजघराण्यातली म्हातारी, ही काय करणार; ही शांत, शिकवणीचं काम करणारी इंग्लिश मुलगी, हिच्याकडे कशाला बघायचं. बाईंनी वाचकाला बूकवर हसवून त्याच्याच नकळत बूक करून ठेवलेलं असतं. इटालियनाविषयीचं ते आचरट विधान कुणी 'अपमानास्पद' म्हणून काढलं, तर कादंबरीतून एक शिवी जाणार नाही, एक सापळा जाईल.

याच कादंबरीत आपल्या घरचा एक शब्दप्रयोग आहे. हिंदुस्थानातून रजेवर निघालेले कर्नल अर्बथनॉट मिस डेबनम या प्रवासिनीची हमी देताना म्हणतात की ती 'पक्का साहिब' आहे. बाईमाणसाला साहिब! बरोबरच्या ग्रीक डॉक्टरांना काही उमगत नाही, ते विचारतात, म्हणजे काय? पॉयरो समजावतो : म्हणजे मिस डेबनमचे वडील आणि भाऊ ज्या प्रकारच्या शाळेत शिकले, त्याच प्रकारच्या शाळेत कर्नलही शिकले. इंग्रजांच्या वर्गव्यवस्थेवर इतकी नेमकी टपली मी क्वचितच वाचली आहे. ती मारली आहे एका परदेश्याने, आणि आपल्याकडून उचललेल्या दोन शब्दांवर. उद्या एखाद्या संवेदनशील वाचकाला 'साहिब' हा शब्द वसाहतवादी वाटला तर? वाटायलाच हवा, तो आहेच. म्हणूनच तो तिथे आहे.

पॉयरोचं स्वतःचंही तेच. ख्रिस्ती पहिल्या महायुद्धात टॉर्की या आपल्या गावी रुग्णालयाच्या औषधशाळेत काम करत होत्या. विषांचं ज्ञान त्यांना तिथे मिळालं, आणि गावात आलेल्या बेल्जियन निर्वासितांवरून पॉयरो सुचला. म्हणजे इंग्रजी साहित्यातला हा नामांकित गुप्तहेर जन्माने निर्वासित आहे. इंग्रज त्याला हसतात. त्याच्या मिशांना, त्याच्या बुटांना, त्याच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीला. 'थ्री ॲक्ट ट्रॅजेडी' च्या अखेरीस एक जण त्याला विचारतो की तुला बरं इंग्रजी येतं, मग मध्येच असं तुटकं का बोलतोस. तो सांगतो की तुटकं इंग्रजी ही मोठी दौलत आहे. लोक तुम्हाला तुच्छ लेखतात. साधं इंग्रजीही न बोलता येणाऱ्या उपऱ्याला कशाला घाबरायचं म्हणून गाफील राहतात. मिस मार्पलची युक्तीही जातीने हीच: लोकर विणणारी म्हातारी, तिच्यासमोर काहीही बोलावं. या दोघांचं सगळं सामर्थ्य समोरच्याच्या पूर्वग्रहावर जगतं. कादंबरीतली माणसं सभ्य आणि समंजस करून टाका, पॉयरो उपाशी मरेल.

अवांतर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. रोनाल्ड नॉक्स नावाच्या पाद्र्याने १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम लिहिले. पाचवा नियम : कथेत चिनी माणूस असता कामा नये. आज हे वाक्य एकटं वाचलं तर अंगावर येतं. पण नॉक्सचा टोला चिन्यांना नव्हता. त्या काळच्या सवंग कथांत मिचमिच्या डोळ्यांचा, कारस्थानी चिनी खलनायक इतका उतू गेला होता की असा चिनी दिसला की पुस्तक खाली ठेवावं, कथा वाईट असणार, असं त्याने स्वानुभवाने सांगितलं. वंशद्वेषी साच्याची टिंगल करणारं वाक्यच वंशद्वेषी दिसतं. शब्द हेरून काढणाऱ्या पद्धतीत या दोहोंतला फरक कळायला जागाच नसते, कारण ती पद्धत शब्द बघते, वाक्य कुणाच्या बाजूने उभं आहे ते बघत नाही.

पुन्हा त्या बेटावर जाऊ. दुसऱ्या दिवशी व्हेरा क्लेथॉर्न आणि एमिली ब्रेन्ट या दोघी बोलत बसल्या आहेत. लॉम्बार्डचा विषय निघतो. व्हेरा, शाळेत शिकवणारी तरुण मुलगी, कादंबरीत वाचकाला सर्वांत जवळची वाटणारी, म्हणते की ते तर नुसते नेटिव्ह होते. एमिली ब्रेन्ट, पासष्ट वर्षांची ताठ कण्याची धर्मशील कुमारिका, तिला तिथल्या तिथे झापते : काळे असोत की गोरे, ते आपले बांधव आहेत. वाचकाला वाटतं, चला, या घरात एक तरी माणूस आहे. मग काही वेळाने एमिलीबाई स्वतःची हकीकत सांगतात. त्यांच्या घरी काम करणारी एक मुलगी लग्नाआधी गरोदर राहिली, बाईंनी तिला तत्क्षणी घराबाहेर काढलं, मुलीने नदीत जीव दिला. पश्चात्ताप? छे, पाप तिचं होतं. आफ्रिकेतल्या न पाहिलेल्या माणसांना बांधव म्हणणारी ही बाई घरातल्या पोरीला माणूस म्हणायला तयार नाही. आणि जी व्हेरा आपल्याला गोड वाटत होती, तिच्या तोंडून 'नुसते नेटिव्ह' इतक्या सहजी निघालं.

ख्रिस्तींना मनुष्यस्वभाव कळत नव्हता, त्यांची पात्रं पुठ्ठ्याची आहेत, असं म्हणणाऱ्या समीक्षकांनी ही दोन पानं पुन्हा वाचावीत. आणि मग हा प्रयोग करून बघावा. व्हेराच्या वाक्यात 'नेटिव्ह' च्या जागी 'स्थानिक लोक' घाला. 'ते तर नुसते स्थानिक लोक होते.' वाक्य हास्यास्पद झालं. एमिलीचं उत्तर अधांतरी लोंबकळलं. व्हेराच्या चारित्र्यातली पहिली बारीक चीर दिसेनाशी झाली, आणि ती चीर दिसणं पुढच्या कथेसाठी किती गरजेचं आहे हे ज्यांनी कादंबरी वाचली आहे त्यांना ठाऊक आहे. ज्यांनी वाचलेली नाही त्यांच्यासाठी मी इथेच थांबतो.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की बाईंच्या सगळ्या पूर्वग्रहांना मी कलात्मक हेतूचा शेला पांघरतो आहे. तसं करायचं नाही. याच कादंबरीच्या पहिल्या प्रकरणात मॉरिस नावाचा एक ज्यू दलाल आहे. मूळ आवृत्तीत लॉम्बार्डच्या मनात त्याच्याविषयी जे येतं, त्याचे ओठ, पैशाच्या बाबतीत ज्यूंना फसवता येत नाही हा शेरा, त्यात ना सापळा आहे ना टपली. विचार लॉम्बार्डचा असला तरी निवेदन त्याला कुठे खोडत नाही. १९२० च्या पहिल्या कादंबरीत, 'द मिस्टीरियस अफेअर ॲट स्टाइल्स' मध्ये, पॉयरो एकाविषयी 'ज्यू, अर्थातच' असं म्हणतो. नव्या आवृत्तीत ते गेलं. तिथेही बाईंचा बचाव करण्यासारखं माझ्यापाशी काही नाही. त्यांच्या वर्गातल्या इंग्रजांचा तो रोजचा वास होता आणि तो त्यांच्या अंगाला येत होता.

पण आत्मचरित्रात त्या एक प्रसंग सांगतात. पती मॅक्स मॅलोवन हे पुरातत्त्वज्ञ. त्यांच्याबरोबर इराकमध्ये असताना बगदादला डॉक्टर जॉर्डन या जर्मन अधिकाऱ्याच्या घरी त्या गेल्या. मृदू, सुसंस्कृत माणूस, पियानो सुरेख वाजवणारा. बोलण्यात ज्यूंचा विषय निघाला आणि त्याचा चेहरा पालटला. त्यांचा नायनाटच करायला हवा, असं तो म्हणाला. आपण पाहिलेला हा पहिला नाझी, असं बाई लिहितात. हे १९३० च्या दशकातलं. म्हणून बाई लगेच सुधारल्या, अशी गोष्ट सांगायला छान वाटली असती. तशी ती नाही. मॉरिस त्यानंतरचा, १९३९ चा आहे. पुढे तक्रारी आल्यावर अमेरिकी आवृत्त्यांतून असे उल्लेख कमी होत गेले. एका बुद्धिमान बाईच्या मनात पुढे सरकणं आणि तिथेच रुतून बसणं एकाच वेळी कसं चालतं, हे त्या पुस्तकांच्या तारखा मांडीवर घेऊन वाचलं तरच दिसतं. १९२० ची कादंबरी आणि १९६० च्या दशकातली कादंबरी दोन्ही एकाच साबणाने धुतल्या की हे मन सपाट होतं. त्यांचे दोषही त्यांचेच आहेत. ते वाचकाला दाखवले म्हणजे त्यांचं समर्थन होत नाही.

समोरच्या बाजूचा एक मुद्दा मला खरोखर जड जातो. ख्रिस्तींना कुणी अभ्यासासाठी वाचत नाही. दिवसभराच्या दगदगीनंतर, आजारपणात, प्रवासात, मन रमवायला वाचतात. बारा-चौदा वर्षांची मुलं इथूनच मोठ्यांच्या पुस्तकांत शिरतात. अशा एखाद्या ज्यू किंवा काळ्या मुलीने सुट्टीत मजेसाठी पुस्तक उघडलं आणि तिच्याच तोंडावर कुणीतरी थुंकलं, तर तिला 'हा ऐतिहासिक दस्तऐवज आहे' हे सांगणं क्रूरपणाचं आहे. मान्य. त्यासाठी पुस्तकाच्या सुरुवातीला दोन स्पष्ट पानं असावीत : हे पुस्तक अमुक साली लिहिलं, यात अमुक प्रकारची भाषा आहे. तिला पुस्तक मिटायचं असेल तर ती मिटेल. हे तिला मोठं समजून वागवणं झालं. कात्रीने तिला काय मिळतं, तर असं एक १९३० चं इंग्लंड, जिथे तिच्या पणजीला कुणी काही म्हणतच नव्हतं. हेही तिला फसवणंच आहे, फक्त गोड बोलून.

लेखक हयात असताना स्वतः बदल करतो ती गोष्ट निराळी. ख्रिस्तींनी याच कादंबरीचं १९४३ मध्ये नाटक केलं तेव्हा शेवटच फिरवला. कादंबरीचा शेवट रंगमंचावर झेपणार नाही असं त्यांना वाटलं. लेखणी त्यांची, अधिकार त्यांचा. १२ जानेवारी १९७६ रोजी बाई गेल्या. त्यानंतरचे निर्णय वारसांचे आणि कंपनीचे. 'अगाथा ख्रिस्ती लिमिटेड' मधला ६४ टक्के हिस्सा २०१२ मध्ये एका अमेरिकी करमणूक कंपनीने विकत घेतला. बाकीचा कुटुंबाकडे राहिला. मालमत्ता म्हटल्यावर ती विकाऊ ठेवावी लागते आणि विकाऊ ठेवायची तर कुणी नाक मुरडू नये याची काळजी घ्यावी लागते. मला यात दुष्टपणा दिसत नाही, दुकानदारी दिसते. पण मग तिला संवेदनशीलतेचं मोठं नाव कशाला? लेखिकेच्या शब्दांची राखण ज्यांच्याकडे सोपवली, कात्रीही त्यांच्याच हातात. कुंपणानेच शेत खाल्लं तर दाद मागायची कुठे?

डालच्या बाबतीत एवढं तरी झालं की ओरड झाल्यावर प्रकाशकांनी जुना मजकूरही वेगळ्या आवृत्तीत चालू ठेवण्याचं जाहीर केलं. रहस्यकथांना हाच किमान नियम लावा. ज्या आवृत्तीत शब्द बदलले आहेत तिच्या मुद्रणपानावर तसं छापा. 'सुधारित' हे गुळमुळीत विशेषण नको. कुठल्या आवृत्तीच्या आधारे, कुठल्या साली, कुणी बदल केले, आणि किती. दुधात पाणी घातलं तर बाटलीवर लिहा, एवढीच मागणी आहे. आणि जुना मजकूर बाजारात राहू द्या. छापील नको असेल तर निदान ई-पुस्तक म्हणून. नव्या आवृत्तीची ज्यांना गरज आहे त्यांनी ती आनंदाने घ्यावी. माझी त्यांच्याशी तक्रार नाही.

तारखाही ध्यानात असू द्याव्यात. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं स्वामित्वहक्क राहतो, ब्रिटनमध्ये सत्तर. म्हणजे १ जानेवारी २०३७ पासून आपल्याकडे ख्रिस्तींची पुस्तकं कुणालाही छापता येतील, भाषांतरित करता येतील; ब्रिटनला आणखी दहा वर्षं थांबावं लागेल. अमेरिकेत त्यांच्या १९२० च्या दशकातल्या कादंबऱ्या आधीच खुल्या झाल्या आहेत. २०३७ मध्ये इथला एखादा मराठी प्रकाशक भाषांतराला बसेल तेव्हा त्याच्या हाताशी कुठला मजकूर असेल? बहुधा सर्वांत सहज मिळणारा, म्हणजे सर्वांत अलीकडचा. व्हेरा 'नुसते नेटिव्ह' म्हणाली होती की 'स्थानिक लोक', हे त्याला तपासावंसंही वाटणार नाही. तपासायचं आहे हे कळण्यासाठी आधी काही बदललं आहे हे कळावं लागतं. म्हणून जुन्या, पिवळ्या पडलेल्या, पाठीचा कणा मोडलेल्या प्रती ज्यांच्या कपाटात आहेत त्यांनी त्या सध्या रद्दीत घालू नयेत.

आणि बेटावरच्या घरात घुमलेल्या त्या आवाजाची, म्हणजे ग्रामोफोनवर वाजवलेली, आरोपांची यादी जुनी प्रत काढून पुन्हा एकदा वाचावी. मीही परवा वाचली, आणि इतक्या वर्षांत न दिसलेली एक गोष्ट दिसली. प्रत्येक आरोपात मेलेल्याचं नाव आहे. लुइझा मेरी क्लीस. बीट्रिस टेलर. आर्थर रिचमंड. एडवर्ड सीटन. मोटारीखाली चिरडलेल्या दोन मुलांचीही, जॉन आणि ल्यूसी कोम्ब्स, नावं आहेत. नावं नाहीत ती फक्त लॉम्बार्डच्या माणसांची. तिथे एक आकडा आहे, एकवीस, आणि 'पूर्व आफ्रिकेतली एक जमात'. बाईंनी त्यांच्या मृत्यूला खून म्हटलं, इतर खुनांच्या रांगेत बसवलं, १९३९ मध्ये. पण त्यांना नावं असतील हे त्यांनाही सुचलं नाही. या ओळीत एकही आक्षेपार्ह शब्द नाही, त्यामुळे ती कुठल्याही संवेदनशील वाचकाच्या पेन्सिलीखाली येणार नाही. नव्या आवृत्तीत ती जशीच्या तशी असेल.